रेडिओग्राम पुन्हा घुमायला लागला: दुरुस्त करायचा की विकून टाकायचा?

मार्च लागला, ऊन तापायला लागलं की मला असे फोन येतात. "भाऊ, मशीन परत घुमतंय." यावल तालुक्यातून नानांचा फोन आला तोही असाच. नाना निवृत्त शिक्षक, घर केळीच्या मळ्यातच. त्यांच्या वडिलांनी हौसेने घेतलेला व्हॉल्व्हचा, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांचा, रेडिओग्राम बैठकीत आहे: सागवानी कपाट, एका बाजूला रेडिओ, दुसऱ्या बाजूला तबकडी, खाली मोठा स्पीकर. चार वर्षांत तो तीनदा दुरुस्त झाला. दरवेळी मेकॅनिकच्या टेबलावर दिवसभर छान गायचा. घरी आणला की पंधरा-वीस दिवसांत तीच "घूंऽऽ" अशी घरघर, आवाज फाटलेला, आणि मागून डोकावलं तर एक व्हॉल्व्ह आतून लालभडक.

आता एक गिऱ्हाईक "आहे तसा" उचलायला तयार होतं. मुलाचं म्हणणं, देऊन टाका, किती दिवस पैसे घालायचे? नाना फोनवर जरा थांबले आणि अहिराणीवर आले: "हाऊ मन्हा आबाना शे. आते काय करानं?"

मी त्यांना सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितो. जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या जुन्या घरांत असे संच अजून आहेत, आणि बहुतेक ठिकाणी निर्णय घाईने होतो. मोजमाप न करता विकणारा चांगला ट्रान्सफॉर्मर भंगाराच्या भावात देऊन बसतो. मोजमाप न करता दुरुस्त करणारा त्याच बिघाडाचे पैसे तीनदा भरतो. मीटर लावल्याशिवाय दोन्हीपैकी काहीच ठरवू नका.

आधी जिवाची काळजी

व्हॉल्व्हच्या संचात २५० ते ३०० व्होल्ट डीसी असतात. पिन काढली तरी फिल्टर कंडेन्सर, म्हणजे डीसी सपाट करणारा कंडेन्सर, तो दाब धरून ठेवतो. मागचं पुठ्ठ्याचं झाकण काढण्याआधी पिन सॉकेटमधून पूर्ण बाहेर काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. मग १० किलोओहम, १० वॅटचा रेझिस्टन्स इन्सुलेटेड चिमट्यांनी कंडेन्सर आणि चॅसिसच्या (आतल्या लोखंडी सांगाड्याच्या) मध्ये लावून ठेवा आणि मीटरवर आकडा १० व्होल्टच्या खाली आलेला स्वतः बघा. स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी काढायची सवय काही जुन्या मेकॅनिकांना आहे. तसं करू नका, कंडेन्सरही जातो आणि हातही.

दुसरी गोष्ट व्हॉल्व्हच्या नावावरून कळते. युरोपीय पद्धतीत पहिलं अक्षर फिलामेंट, म्हणजे व्हॉल्व्ह आतून तापवणारी तार, कशी आहे ते सांगतं. "ई" असेल तर ६.३ व्होल्ट, म्हणजे बहुधा ट्रान्सफॉर्मरचा संच. "यू" असेल, जसं यूसीएच८१, यूएल८४, यूवाय८५, तर फिलामेंट १०० मिलिअँपिअरवर एकामागोमाग एक जोडलेले असतात. अशा बहुतेक संचांत मेन ट्रान्सफॉर्मर नसतो आणि चॅसिस थेट लाईटच्या वायरला जोडलेलं असतं. पिन उलटी बसली की सगळं लोखंडी चॅसिस फेजवर. बटणाची प्लास्टिकची टोपी निघाली असेल तर दांड्याला हात लागला तरी झटका बसतो. घरात लहान मुलं असतील तर "यू" मालिकेचा संच भिंतीशी शोभेला ठेवा, पिन कापून ठेवा. यात मी कुणाचीच भीड ठेवत नाही.

नानांचा संच "ई" मालिकेचा होता: आउटपुटला, म्हणजे स्पीकर चालवायला, दोन ईएल८४, त्यांच्या आधी ईसीसी८३, लाईटच्या बाजूला एसीचं डीसी करणारा ईझेड८१.

टेबलावर नीट, घरी बिघडतो

नाना संच भुसावळला माझ्याकडे घेऊन आले. मी आधी तो सिरीज बोर्डवर लावला, म्हणजे १०० वॅटच्या जुन्या पिवळ्या बल्बातून लाईट दिली. एलईडी बल्ब या कामाला चालत नाही, तारेचा बल्बच लागतो. बल्ब सुरुवातीला उजळला, मग मंद झाला. म्हणजे मोठा शॉर्ट नाही. पुढे सरळ लाईटवर वीस मिनिटं चालवला आणि एका ईएल८४ची प्लेट (आतला धातूचा पत्रा) कडेने लाल व्हायला लागली.

आता घरघर. व्हॉल्यूमचं बटण फिरवल्यावर घरघर कमी-जास्त होत असेल तर दोष बटणाच्या आधीच्या भागात: पिकअपची (तबकडीवरची सुई धरणाऱ्या भागाची) वायर, तिचं अर्थिंग, पहिला व्हॉल्व्ह. बटण शून्यावर नेऊनही ती तशीच राहिली तर दोष पुढे, म्हणजे फिल्टर कंडेन्सर किंवा आउटपुट. फिल्टरची घरघर १०० हर्ट्झची, जरा वरच्या पट्टीतली आणि खरखरीत असते. अर्थिंगची किंवा फिलामेंटची ५० हर्ट्झची, खोल आणि मऊ. नानांच्या संचात बटणाचा काही परिणाम होत नव्हता.

तळ उघडला तेव्हा पहिलं कारण डोळ्यांसमोर होतं. मूळचा ५० अधिक ५० मायक्रोफॅरडचा डबा तसाच ठेवून कुणीतरी त्याच्या पहिल्या भागाला २२० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर समांतर जोडला होता. हेतू चांगला, घरघर मरावी म्हणून. पण ईझेड८१ला पहिल्या कंडेन्सरची मर्यादा ५० मायक्रोफॅरडची आहे. त्यापेक्षा मोठा लावला की चालू करताना आणि पुढे दर अर्ध्या आवर्तनाला व्हॉल्व्हमधून झेपणार नाही असा करंट ओढला जातो. व्हॉल्व्ह ठिणग्या टाकतो, एक दिवस आतल्या आत शॉर्ट होतो आणि जाताना मेन ट्रान्सफॉर्मरचं वायंडिंगही नेतो. आपल्याकडे हा "उपाय" मी इतक्यांदा पाहिला आहे की नवा संच आला की आधी तिथेच नजर जाते. जुना डबा सर्किटमधून सोडवा, ४७ मायक्रोफॅरड, ४५० व्होल्ट, १०५ डिग्रीचे दोन नवे कंडेन्सर लावा. ८५ डिग्रीचे लावू नका. आपल्या मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत बंद कपाटाच्या आत किती तापतं, हे खान्देशात राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

दुसरं कारण लाल प्लेटचं. दोन्ही ईएल८४च्या कॅथोडला, म्हणजे ज्या टोकातून व्हॉल्व्हचा सगळा करंट जातो तिथे, वेगवेगळे २७० ओहमचे रेझिस्टन्स होते. त्यांच्यावरचे व्होल्ट मोजले की प्रत्येक व्हॉल्व्ह किती करंट खातोय ते कळतं. एकावर १०.२ व्होल्ट, म्हणजे ३८ मिलिअँपिअर. दुसऱ्यावर १६, म्हणजे ५९. प्लेटवर २८५ व्होल्ट होते. दुसरा व्हॉल्व्ह जवळपास १६ वॅट पचवायचा प्रयत्न करत होता आणि ईएल८४च्या प्लेटची मर्यादा आहे १२ वॅट. लाल होणारच.

मेकॅनिकने तीनही वेळा हा व्हॉल्व्हच बदलला होता. पण व्हॉल्व्हचा काय दोष? ईएल८४च्या दोन नंबरच्या पिनवर, म्हणजे आवाजाचा सिग्नल येतो त्या ग्रिडवर, शून्य व्होल्ट असायला हवेत. इथे ७ व्होल्ट पॉझिटिव्ह होते. याची दोन कारणं असू शकतात: आधीच्या व्हॉल्व्हपासून ग्रिडकडे येणारा कपलिंग कंडेन्सर गळतोय, नाहीतर व्हॉल्व्हच्या आत वायू शिरलाय. ओळखायचं कसं? संच बंद करा, तेवढा एक व्हॉल्व्ह काढा, पुन्हा चालू करून रिकाम्या सॉकेटची दोन नंबरची पिन मोजा. व्होल्ट गेले तर व्हॉल्व्ह खराब. व्होल्ट राहिले तर कंडेन्सर गळतोय. नानांच्या संचात ७ चे ७ राहिले. बोटाच्या पेराएवढा मेणात बुडवलेला कागदी कंडेन्सर, वरचं मेण ओघळून खालच्या रेझिस्टन्सवर पिवळं थिजलेलं. कागदी कंडेन्सर असा गळायला लागला की त्याच्यासारखे सगळेच त्या वाटेवर असतात. एक बदलून थांबू नका. मी सगळे काढून ६३० व्होल्टचे पॉलिएस्टर लावले. हा खर्च काही शेकड्यांचा. तीनदा बदललेले व्हॉल्व्ह मात्र हजारांत गेले होते.

इथपर्यंत दोष सापडले, तरी मनात एक शंका होती. गळका कंडेन्सर टेबलावरही वीस मिनिटांत दिसतो. मग मेकॅनिककडे दिवसभर नीट चालणारा संच घरी गेल्यावर इतक्या लवकर व्हॉल्व्ह का खायचा? दर रविवारी मी मळ्यात राहायला तर जाऊ शकत नाही, म्हणून नानांना एक साधा मीटर दिला आणि बैठकीतल्या सॉकेटचे व्होल्ट दिवसातून तीनदा लिहायला सांगितले.

चौथ्या दिवशी फोन. सकाळी दहाला, सगळीकडचे पंप चालू असताना, १९६. दुपारी २०१. रात्री साडेनऊला, पंपाची थ्री फेज गेल्यावर, २५२.

मी चॅसिसच्या मागची व्होल्टेज निवडायची चकती पाहिली. तीवर चार खाचा: ११०, १२७, २२०, २४५. स्क्रू २२० वर होता. नानांना आठवलं: पहिल्या दुरुस्तीच्या वेळी दिवसा आवाज फारच बारीक येतो अशी तक्रार होती, तेव्हा तो २४५ वरून २२० वर आणला गेला. दिवसा आवाज भरला, सगळे खूश. पण २२० वर असताना २५२ आले की ६.३ व्होल्टच्या फिलामेंटला ७.२ मिळतात. त्याची सहनशक्ती साधारण दहा टक्क्यांची, म्हणजे वर ६.९ पर्यंत. प्लेटचे व्होल्टही त्याच प्रमाणात चढतात. आणि नाना रेडिओग्राम ऐकायचे ते जेवणं झाल्यावर, रात्रीच. शहरातल्या दुकानात दिवसा २३० वर हे कधी दिसलंच नसतं. त्यात त्या मेकॅनिकला दोष देता येत नाही, त्याने घरचा सॉकेट मोजला नाही एवढंच.

तुमचा संचही "तिथे नीट, इथे बिघडतो" असं करत असेल तर आधी तुमचा सॉकेट मोजा, तोही तुम्ही ऐकता त्या वेळेला. डीपी (गावातला विजेचा ट्रान्सफॉर्मर) जवळ असेल आणि रात्री पंप बंद होत असतील तर स्क्रू २४५ वरच ठेवा आणि वर स्टॅबिलायझर लावा.

निर्णय ट्रान्सफॉर्मरवर ठरतो

कंडेन्सर, रेझिस्टन्स, व्हॉल्व्ह ही सगळी झिजणारी चीजवस्तू, सायकलच्या टायरसारखी. ती गेली म्हणून संच विकू नका. व्हॉल्व्ह आजही नवे बनतात: स्लोव्हाकियात, रशियात सारातोवला, चीनमध्ये. ईएल८४ आणि ईसीसी८३ तर गिटारच्या अॅम्पमुळे सर्रास मिळतात. शिवाय बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ पासून रेडिओचे व्हॉल्व्ह बनवले. त्यांचे जुने, न वापरलेले नग अजून दुकानांच्या माळ्यांवर सापडतात आणि ते चांगले असतात.

प्रश्न आहे तो दोन ट्रान्सफॉर्मरचा: लाईटकडचा मेन आणि स्पीकरकडचा आउटपुट. मेन ट्रान्सफॉर्मर असा तपासा: सगळे व्हॉल्व्ह काढून ठेवा, संच ४० वॅटच्या सिरीज बल्बवर लावा. बल्ब क्षणभर उजळून विझल्यासारखा झाला तर वायंडिंग ठीक. उजळलेलाच राहिला तर आतले वेढे एकमेकांना चिकटले आहेत. ठीक वाटला तर तासभर तसाच सरळ लाईटवर ठेवा, मग पिन काढून हात लावा. कोमट चालेल. चटका बसत असेल, लाखेचा करपट वास येत असेल, तर तो संपला.

आउटपुट ट्रान्सफॉर्मरचा प्रायमरी (व्हॉल्व्हकडचं वायंडिंग) ओहममध्ये मोजा. दोन ईएल८४च्या पुशपुलमध्ये (दोन व्हॉल्व्ह आळीपाळीने जोर लावतात त्या जोडणीत) मधल्या टोकापासून दोन्ही बाजू साधारण सारख्या यायला हव्यात. एक बाजू उघडी दाखवली तर तार तुटली आहे. आणि एक लक्षात ठेवा, स्पीकर न जोडता व्हॉल्व्हचा अॅम्प कधीच वाजवू नका. भार नसला की प्रायमरीवर प्रचंड व्होल्ट उसळतात आणि चांगला ट्रान्सफॉर्मर आतून फुटतो. "नुसतं चालू होतंय का बघतो" म्हणून स्पीकर काढून चालू केलेले दोन संच माझ्याकडे आले आहेत, दोन्हीचे आउटपुट गेलेले.

माझं मत स्पष्ट आहे. मेन ट्रान्सफॉर्मर जळला असेल तरी हरकत नाही, चांगला वायंडिंगवाला तो पुन्हा भरून देतो. मोटारी भरणाऱ्याला वेढ्यांची मोजणी आणि जुना गाभा दोन्ही द्या, थरांमध्ये कागद घालायला सांगा. आउटपुट मात्र वेगळी गोष्ट. त्यात प्रायमरी-सेकंडरीचे थर आलटूनपालटून असतात. तसे न भरता सरळ गुंडाळला तर आवाज येतो, पण वरचे सूर मेलेले असतात. चांगल्या पुशपुल अॅम्पचा आउटपुट गेला असेल, तसाच दुसरा मिळत नसेल आणि घरात ऐकणारं कुणी नसेल तर विका. घरात ऐकणारं कुणी असेल तर थांबा, तसाच पडका संच शोधा, त्याचा आउटपुट मिळू शकतो.

तबकडीच्या बाजूवरून निर्णय करू नका. जुन्या क्रिस्टल पिकअपमध्ये रोशेल मीठ असतं. ते ५५ डिग्रीच्या आसपास आपली घडण सोडतं आणि ओलाव्यानेही मरतं. आपल्या हवामानात मला एकही जिवंत सापडलेला नाही. तिथे सिरॅमिक पिकअप बसतं. चाकाचा रबर कडक झालेला असतो, तोही बदलता येतो.

नानांच्या संचाचे दोन्ही ट्रान्सफॉर्मर निरोगी निघाले. त्यांना मी म्हणालो, "नाना, विकू नका." त्याच महिन्यात धुळ्याकडच्या एका ताईंना मी उलट सांगितलं. त्यांचा संच "यू" मालिकेचा, आउटपुट तुटलेला, रबरी वायरींचं कव्हर हात लावताच भुगा होत होतं, घरात चार वर्षांची नात. त्यांनी तो विकला आणि ते योग्यच केलं.

विकायचाच असेल तर

कपाट पुसा, पण व्हॉल्व्हना फडकं लावू नका. काचेवरची छपाई ओल्या बोटानेही निघते, आणि छपाई गेली की ओळख गेली, भावही गेला. मऊ ब्रशने धूळ झाडा. काचेच्या बुडाजवळ बारीक राखाडी कोड असतो. त्यात खालच्या ओळीची सुरुवात "बी"ने असेल तर व्हॉल्व्ह इंग्लंडात ब्लॅकबर्नला बनलाय, छोट्या त्रिकोणाने असेल तर हॉलंडमध्ये हेर्लेनला. अशा ईसीसी८३साठी लोक आनंदाने वेगळे पैसे देतात. वरचा आतला चंदेरी डाग दुधासारखा पांढरा झाला असेल तर आत हवा शिरली आहे, तो व्हॉल्व्ह कोणत्याही नावाचा असो, टाकाऊ आहे.

"चालतो" असं सांगून विकू नका आणि "बंद आहे" एवढंच सांगूनही विकू नका. एका कागदावर लिहा: दोन्ही ट्रान्सफॉर्मर तपासले, असे आकडे आले; फिल्टर जुने आहेत; अमुक व्हॉल्व्ह लाल होतो; चॅसिस लाईटवर आहे किंवा नाही. हा कागद संचाच्या आत चिकटवा. ज्याला व्हॉल्व्हचं कळतं तो असा कागद बघून जास्त देतो, कारण त्याला अंदाजाचे पैसे कापावे लागत नाहीत. व्हॉल्व्ह काढून एकेक वर्तमानपत्रात गुंडाळा, कोणता कोणत्या सॉकेटचा ते त्यावर लिहा. ट्रान्सफॉर्मर जड असतो, संच आडवा करून गाडीत टाकलात तर रावेर-भुसावळ रस्त्यावर तो चॅसिस वाकवून खाली येतो. उभाच न्या.

नानांच्या बैठकीत संच परत गेला. स्क्रू २४५ वर आहे, स्टॅबिलायझर यायचा आहे. तोपर्यंत नाना रोज रात्री साडेनऊला मीटर लावून आकडा आबांच्याच जुन्या हिशेबाच्या वहीत लिहितात. परवा २५८ आला. त्या रात्री त्यांनी रेडिओग्राम लावला नाही. सकाळी सहाला, पंप सुरू व्हायच्या आधी, २३१ वर लावला आणि मला फोन करून रिसीव्हर स्पीकरसमोर धरला.